डाव्या स्कीखालचा बर्फ

उलटलेल्या विमानाच्या डाव्या स्कीवर, चाकाऐवजी बसवलेल्या लांब पट्टीवर, लेना हाल्वरसनने हातोडी मारली. तळाला चिकटलेलं बर्फाचं ढेकूळ खणकन तुटलं. काचेसारखं आरपार दिसणारं.

अपघाताच्या चौकशीसाठी ती फेअरबँक्स शहरातून आली होती. वैमानिक गस नोलनर जागीच गेला होता. एकटी प्रवासी डेल्फीन मोडका पाय घेऊन गावच्या दवाखान्यात पडली होती. गसने पुन्हा बाटली जवळ केली असणार, असं सारं गाव म्हणत होतं. लेनानेही कालच अहवालात ‘चालकाची चूक’ लिहून टाकलं होतं. आता ते शब्द तिला टोचू लागले.

धावपट्टीचा राखणदार सिरिल पिटका, डेल्फीनचा बाप, आपल्या खोपटात शेगडीवर बर्फ वितळवत बसला होता.

“त्या सकाळी कुठे होतात, काका?”

“नदीपलीकडे. लाकडं तोडायला. आवाज ऐकून धावत आलो.”

“पोरीला निरोप द्यायला नाही थांबलात?”

“भांडलो होतो. शनिवारी तिची आई जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण, आणि हिला शहरातली नोकरी सुचतेय!”

“गस प्यायला होता?”

“देव जाणे. पण शुद्धीतला माणूस दोनदा शेपूट हलवून चिकटलेलं विमान सोडवल्यावर वाकून खाली बघणार नाही?”

लेनाने वही मिटली.

“शेपूट हलवलेलं डेल्फीननं फक्त मला सांगितलंय. नदी तर जंगलाच्या मागे. तुम्हाला कुठून दिसलं?”

सिरिलने शेगडीवरचं भांडं उतरवून खाली ठेवलं.

“मी सांगते. साचलेलं हिम दबून गोठलं की पांढरट राहतं. हे ढेकूळ पारदर्शक आहे, म्हणजे पाणी ओतलेलं. या थंडीत धावपट्टीवर पाणी फक्त तुमच्या शेगडीवर. स्की जमिनीला चिकटावी, उड्डाण रहित व्हावं, म्हणून तुम्ही ते ओतलंत आणि झाडाआडून बघत राहिलात. गसने विमान सोडवलं, पण ढेकूळ तळाला तसंच राहिलं. वेग घेताना डावी बाजू ओढली गेली आणि विमान झाडांत घुसलं.”

“चार दिवस थांबली असती, एवढंच...” सिरिलचा आवाज फाटला. “मी हात हलवून थांबवणार होतो, बाई. वाटलं, पोरीला कळेल, आणखी चिडेल. तेवढ्यात ते सुटलं.”

“आणि गाव गसला दारुडा म्हणत होतं, ते ऐकून घेतलंत.”

“हो.”

लेनालाच खाली बघावं लागलं. तसं लिहिणारा हात तिचाच होता.

“काका, डेल्फीन काय म्हणते ठाऊक आहे? ‘मीच घाई केली, गसला मीच मारलं.’ तीन दिवस घास गिळलेला नाही तिनं.”

सिरिल ताडकन उठला. टोपीही न घेता दवाखान्याकडे निघाला. लेना मागोमाग.

बापाला पाहताच डेल्फीन रडू लागली. “बाबा, मी जरा थांबले असते तर—”

“गप, बाळा.” तो खाटेजवळ गुडघ्यांवर बसला. “तू काही केलेलं नाहीस. मी केलंय. नीट ऐक.”