झाकलेला कंदील

"त्या त्रिशलानं तारा विझवला की आपल्या गल्लीतलं एक..."

दुधाच्या गाडीपाशी बाळाबाई बोलत होती. धोंडुबाई दिसल्यावर तिनं तोंड मिटलं.

पण पुढचं सांगायची गरजच नव्हती. मागच्या खेपेला त्रिशलाताईच्या दुर्बिणीतला तारा गेला, त्याच दिवशी शेजारचे आकारामनाना गेले. आता धोंडुबाईचे मालक, कृष्णात, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. आणि आज रात्री पुन्हा तारा जाणार, असं त्रिशलाताईनंच सांगितलं होतं.

"बंद कर म्हणावं तिला," बाळाबाई हळूच म्हणाली. "तुझं ऐकंल ती. कुकू प्यारं असंल तर..."

धोंडुबाई पेटली. "माझं कुकू काय तुमच्या तोंडावर टिकलंय व्हय? मी सोता जाऊन बसणार हाय तिच्यापाशी. बघू काय हुतंय!"

संध्याकाळी लोडशेडिंगनं गल्ली काळीठिक्कर झाली. मालकांच्या उशाशी कंदील ठेवून धोंडुबाई समोरच्या गच्चीवर चढली. त्रिशलाताई शाळेत विज्ञान शिकवायची. एकटी राहायची. जैनाची बाई, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी. दुर्बिणीला कॅमेरा लावून तिनं तो स्कूटरच्या बॅटरीवर जोडला होता. त्याच्या इवल्या पडद्यावर एक तारा थरथरत होता.

"विझत नाही हो वहिनी. प्लुटोच्याही पलीकडं एक दगड फिरतोय. तो आडवा आला, की तेवढा वेळ तारा झाकतो. गडहिंग्लजला माझा जुना विद्यार्थी वृषभही बघतोय. कुठं किती वेळ झाकला ते जुळवलं, की न दिसणारा दगडसुद्धा केवढा आणि कसा ते कळतं. लोकांच्या भीतीनं मी बंद करू?"

"आजाबात न्हाई. मी बसलेय की."

बसली खरी, पण कान खाली होते. मालकांचा खोकला एकसारखा ऐकू येत होता. खोकला हाय म्हणजे माणूस हाय. लांबच्या गुऱ्हाळाचा गोड, करपट वास येत होता. कुठंतरी कुत्रं केकाटत होतं.

आणि तारा गेला.

खोकला थांबला. कुत्रं थांबलं. वाससुद्धा... जणू कुणी नाकावर हात ठेवला. धोंडुबाईचे पाय जिन्याकडं ओढ घ्यायला लागले. तिनं कठडा घट्ट धरला. पळाले तर त्या बायांचं खरं हुईल, ती मनात म्हणाली, आणि जागची हलली नाही.

तारा परत आला. खालून खोकला आला. मग मात्र ती जिना उतरत धावली.

मालक अंथरुणात उठून बसले होते. चांगले जिवंत, वर भाकरी मागत होते. धोंडुबाईला हसूच फुटलं.

"पर कंदिलाच्या आडवं कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"...कोण?"

"दिसलं न्हाई. उजेड तेवढा गेला. लई येळ."

दारात मेणबत्ती घेऊन बाळाबाई उभी होती. "आमच्यातबी गं... विझली न्हाई. झाकली."

बाया एकेक करून बाहेर आल्या. गल्लीत कुणीच मेलं नव्हतं. पण ज्या त्या घरात दिवा झाकला गेला होता. त्रिशलाताई खाली येऊन एकेकीला विचारत राहिली, किती वेळ? गल्लीच्या तोंडाला पापणी लवावी तेवढाच. बाळाबाईकडं जास्त. धोंडुबाईकडं त्याहून जास्त. विचारता विचारता तिचा आवाज बारीक झाला.

"तिकडून शिरलंय. इकडं रुंद होत आलंय... पण बाहेर पडलेलं कुठंच दिसत नाही..."

आता गल्लीच्या टोकाचं, समोरचं एकच घर उरलं होतं. तिचं. खिडकी काळी होती.

"दिवा लावायला इसरलासा काय?"

"लावून वर गेले होते, वहिनी."

धोंडुबाईनं गजातून हात आत घातला. बोटं कंदिलाच्या काचेला लागली आणि चटका बसला. काच तापलेली होती. ज्योत फुरफुरत होती, ऐकू येत होती. उजेड नव्हता.

बाया मागं सरल्या. धोंडुबाईनं पदर खोचला, त्रिशलाताईचा हात धरला आणि दाराची कडी काढली.

"पावणं," ती अंधाराला म्हणाली, "ह्या घरात बाई एकटी ऱ्हाती, आसं कुणी सांगितलं तुमास्नी? सरका तिकडं."

आत काहीतरी सरकलं, दोघींना जागा करून दिल्यासारखं. पण कंदिलाचा उजेड काही दिसला नाही.