डोक्यावरची पायभिंत

माहरुख आली तेव्हा तूरान खानम नाश्त्याला बसल्या होत्या. पोरीनं चहाला हात लावला नाही. पिशवीतून एक वही काढून तिनं टेबलावर ठेवली.

"उद्या अपघाताचा चाळिसावा दिवस. स्मारकाच्या दगडावर सात नावं कोरलीत, माझ्या वडिलांचं नाही. गाव म्हणतं, यानंच सातजण मारले."

तिचे वडील कियानूश हे दर्रेसियाहच्या कोळसा खाणीचे इंजिनियर. सगळे त्यांना नुसतं मोहन्देस म्हणत, म्हणजे इंजिनियरच. बोगद्याचं छत कोसळून सात कामगार गेले आणि आठवे ते स्वतः. त्यांची वही खाणीच्या तोंडाशी खिळ्याला टांगलेली असे, आणि ती वाचूनच लोक रोज आत जात. तिच्या शेवटच्या पानावर होतं: 'तेवीस मीटर. छतात टांगती भिंत, पक्की. काम चालू ठेवा.'

"अक्षर त्यांचंच?" बहमननं विचारलं. तो तूरान खानमची गाडी चालवायचा. माजी हवालदार, मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश.

"वाटतं तरी तसंच. म्हणून तर आले. खानम, तुम्ही वीस वर्षं भूगर्भ खात्यात नकाशे काढलेत. खोटं असेल तर सांगा, खरं असेल तरी सांगा. मग मी गाव सोडते."

तूरान खानमनी मागचं पान उलटलं. 'वीस मीटर. छतात पायभिंत, पातळ होत चाललीय. भ्रंश जवळ.' या दोन पानांच्या मध्ये फाडलेल्या कागदाची बारीक कड होती.

"सापडले तेव्हा अंगावर काय होतं?"

"घरातला सदरा. पायात सपाता."

"आणि हेल्मेट?"

"नव्हतं. एरवी ते हेल्मेटशिवाय खाणीच्या तोंडाशीसुद्धा जायचे नाहीत."

मॅनेजर सोहराबी ऑफिसात भेटला. स्वतःही इंजिनियर, आणि ते विसरू न देणारा.

"मी त्या दिवशी करमानला मीटिंगमध्ये होतो. चाळीस माणसांनी पाहिलंय. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण निस्तरतोय मी."

"तेवीस मीटरवर छतात काय होतं?"

"पायभिंत. भ्रंश डोक्यावरून तिरका उतरत तिसाव्या मीटरला बोगद्याला भेटणार होता. नकाशे काढण्यात जन्म गेला तुमचा, हे मला विचारताय?"

मुकादम मश रजबच्या दारात मात्र चहा आणि नान आधी आले आणि बोलणं नंतर. त्याचा मुलगा युनूस त्या सातांतला. तरी गावात माहरुखशी बोलणारा तो एकटाच होता.

"मोहन्देसची पोर ती माझीच," म्हातारा म्हणाला. "मला लिहायला त्यांनीच शिकवलं, पन्नाशीत. त्यांचंच अक्षर गिरवायचो. म्हणायचे, मश रजब, आता तू माझ्यापेक्षा सुरेख लिहितोस."

"तेवीस मीटरवर छतात काय होतं?"

"टांगती भिंत. डोक्यावर ती टांगती, पायाखाली ती पाय. चाळीस वर्षं हेच चाललंय. हवं तर आमच्या युनूसला..."

बहमननं मान खाली घातली.

तूरान खानमनी माहरुखला बोलावून घेतलं, आणि रजबकडे सुरी मागितली.

"कळलं तुम्हाला?" बहमन कुजबुजला. "मला तर म्हातारा म्हणतो तेच बरोबर वाटतं. डोक्यावर आहे ती टांगती."

"खाणीतल्या सगळ्या कामगारांना तसंच वाटतं." त्यांनी ताटातली जाड नान तिरकी कापली आणि वरचा तुकडा खालच्यावर टेकवून ठेवला. "हा काप म्हणजे भ्रंश, खडकातली चीर. वर टेकलेला खडक टांगती भिंत, खालचा पायभिंत. आता खालच्या तुकड्यात उंदरानं बीळ केलं, तर त्याच्या डोक्यावर काय?"

"खालचाच तुकडा."

"म्हणजे डोक्यावर असूनही पायभिंत. काप ओलांडीपर्यंत पायभिंतच. मोहन्देसनी विसाव्या मीटरला तेच लिहिलं. सोहराबीही तेच म्हणाला. तेविसाव्या मीटरचं पान लिहिणाऱ्याला अक्षर मोहन्देसचं येत होतं, पण या शब्दाचा अर्थ कामगाराचा होता. असा माणूस या गावात एकच आहे."

माहरुख रजबकडे बघत राहिली.

"फाडलेल्या पानावर काय होतं, मश रजब?"

"बंद," तो म्हणाला. "'काम बंद. कुणी आत जाऊ नये.' नवरोजला दहा दिवस होते, खानम. सणाला पोरं मजुरीविना, हात हलवत घरी बसली असती. मी हातोडीनं छत ठोकून बघितलं, खणखणीत वाजलं. माझा कान कधी चुकला नव्हता."

"आणि सपाता?" बहमननं विचारलं.

"मोहन्देस घरी होते," तूरान खानम म्हणाल्या. "काम बंद असताना कोळशाच्या गाड्या वाजताना ऐकल्या असतील. बूट घालायला थांबले नाहीत. पोरांना बाहेर काढायला ते आत शिरले, बहमन."

"तसंच झालं," रजब म्हणाला. "मला ढकलून गेले. आत त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. आणि युनूसनं सकाळी मला विचारलं होतं, बाबा, मोहन्देसनीच लिहिलंय ना? मी हो म्हटलं."

माहरुखला धड रागावताही येईना. "रोज माझ्या घरी येत होतात, काका. मला म्हणायचात, बाप चुकला तरी बापच असतो."

"उद्या मीच सांगतो सगळ्यांना."

त्यानं सांगितलं. मशिदीत उभं राहून, सात घरांसमोर, एक शब्द न गाळता. कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं नाही. आजूबाजूची माणसं तेवढी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

मग मुल्लांनी नावं वाचली, या वेळी आठ. चाळीस दिवस जे ऐकायला माहरुख तडफडली होती ते नाव शेवटी आलं, आणि सगळ्या मशिदीनं त्यासाठी दुवा मागितली. तेव्हा ती रडली नाही. ती रडली त्याच्या आधी, 'युनूस, रजबचा मुलगा' वाचताना मुल्लांचा आवाज अडला तेव्हा.