पायथॉनच्या क्लासातलं मौनव्रत

रविवारी सकाळी कॉलेज रोडवरच्या पायथॉनच्या क्लासात सुवर्णा धापा टाकत शिरली, तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. तीही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरसमोर.

"बसा की! माऊस तुम्ही घ्या, कीबोर्ड मी... नको, कीबोर्डही तुम्हीच घ्या. मी नुसता बोलेन," खुर्चीवरची बॅग उचलत तो म्हणाला. नाव समाधान, गाव नामपूर, आणि बोलणं — बाई बाई, नळ सोडल्यासारखं!

सुवर्णा आजवर पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइट बनवायची. पण तिच्या कंपनीतली तसली कामं आटत चालली होती. साहेबांनी सरळच सांगितलं होतं, "दुसरीकडे बघून ठेव." नाशिकमध्येच अंबडला एका कंपनीत जागा होती, पण तिथे पायथॉन हवं होतं. ते जमलं नाही तर पुणं गाठायचं... आणि नाशिक सोडायचं म्हटलं की तिच्या अगदी जिवावर यायचं.

दर रविवारी समाधान सांगायचा, ती टाइप करायची. तिची बोटं पीएचपीकडे वळली की हा हळूच म्हणायचा, "माहेर सुटत नाही वाटतं अजून?" ती लटक्या रागानं बघायची. बघता बघता 'तुम्ही'चं 'तू' झालं. प्रोग्राम चालला की दोघं टाळी द्यायची, आणि तिचा हात हल्ली जरा उशिरानेच मागे यायचा.

मग एका शनिवारी घरी ती एकटीच लॅपटॉप उघडून बसली. एक ओळ सुचेल तर शपथ! कानाशी समाधान नव्हता ना. आणि अंबडच्या कंपनीची परीक्षा तर सोमवारीच होती.

दुसऱ्या दिवशी क्लासात आल्या आल्या ती कडाडली, "आजपासून एक शब्द बोलायचा नाहीस. माझं काम होईपर्यंत नाही!"

"अगं, पण..."

"शप्पथ आहे तुला!"

बिचारा गप्प बसला. ती चुकली की खुर्चीत चुळबुळायचा, ओठ चावायचा, भडंगाचे बकाणे भरायचा. तिनं तिकडे बघितलंच नाही. बरं, एकदा बघितलं... तर स्वारी स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत होती. पुढची ओळ साफ चुकली! पण शेवटी प्रोग्राम चालला, तिनं एकटीनं लिहिलेला.

सोमवारी परीक्षा झाली, लगेच मुलाखतही झाली. ती बाहेर आली, तर समोरच्या चहाच्या टपरीवर समाधान उभा. ऑफिसला चक्क दांडी मारून!

"अरे, विचार ना काय झालं ते!"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"अजून गप्पच? वेडा आहेस का रे तू?"

त्यानं जोरात होकारार्थी मान हलवली. सुवर्णाला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "घेतलं मला! एक तारखेपासून यायचंय. झालं माझं काम... बोल आता!"

समाधाननं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. एरवी शहरी तोऱ्यात बोलणारा हा, पण बाहेर पडली ती थेट नामपूरची अहिराणी, "माले... माले तू लई आवडस!"

टपरीवाल्या सुलाबाई चहा गाळता गाळता थांबल्या.

"एवढंच?" लाजेनं लाल होत सुवर्णा म्हणाली. "इतका वेळ साठवलंस, आणि एवढंच?"

"खूप आहे गं अजून... पण ऐकायला वेळ आहे का तुला?"

"आहे की," ती म्हणाली. "आता मी कुठेही जात नाहीये."