न विचारता खाली केलेली गाडी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला गॅरेजच्या दारात उभी केलेली मोटारसायकल धाडकन आडवी झाली. धक्का कुणीच दिला नव्हता. गाडीची मालकीण पाठमोरी होऊन हेल्मेट काढत होती आणि मेकॅनिक आत फडक्याला हात पुसत होता.

"साइड स्टँडवर लावली होती," ती म्हणाली. आवाज शांत होता. तिचा आवाज असा शांत झाला की काही खरं नसतं, हे त्याला एव्हाना माहीत होतं. "स्टँडवर लावलेली गाडी पडते कशी?"

कशी, तेही त्याला माहीत होतं. गाडीची उंची कमी झाली होती, स्टँड मात्र होता तेवढाच राहिला होता. त्यामुळे ती झुकून उभी राहायच्या ऐवजी ताठ उभी राहिली आणि पलीकडे कलंडली. स्टँड कापून आखूड करायचं तो साफ विसरला होता.

"मी... थोडी खाली केलीय."

"काय केलीय?"

"मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलली, पुढचे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवले. अगदी थोडाच फरक आहे. तुमचे पाय नीट टेकत नव्हते ना—"

त्याने गाडी उचलायला हात घातला, तिने तो झटकला. एकटीनेच पाठ टेकवून गाडी उभी केली.

तिने सांगितलेलं काम वेगळंच होतं. क्लचच्या नव्या प्लेटा, जरा कडक स्प्रिंगा, आणि मागे सामानाचं ओझं पेलेल अशी जाड स्प्रिंग. रविवारी डोंगरातल्या सफरी नेणाऱ्या कंपनीची चाचणी होती. दगडांचा एक चढ पार केला की सबंध हंगाम ती ताफ्याच्या पुढे, वाटाडी म्हणून. मागच्या वर्षी त्याच चढावर तिचा क्लच जळला होता. ती गाडी ढकलत खाली आली, ती थेट या दारात. तेव्हापासूनची ओळख, आणि तेव्हापासूनची भांडणं.

"सकाळी इथून गाडी नेली, ती खाणीच्या रस्त्याने फिरवून आणली. इंजिनाखालची प्लेट तीनदा दगडावर आपटली. तीनदा! मला वाटलं, मीच चालवायला विसरले."

हे त्याला लागलं. लागलं म्हणूनच तो चिडला.

"तुम्ही तरी काय कमी आहात? प्लेटांचा कोळसा करून आणला होतात. चढ दिसला की बोटं क्लचच्या लिव्हरवर!"

"ती सवय मोडायला महिनाभर संध्याकाळी खाणीत कोण शिकवत होतं?"

"मी."

"मग स्वतःच्या शिकवण्यावर तरी विश्वास ठेवायचा!"

पार्टांच्या काउंटरमागून त्याची मोठी बहीण म्हणाली, "मी सांगितलं होतं, तिला विचार. तर म्हणे, कशाला, तिला आवडेल."

"ताई, तू गप्प बस."

"बसलेय की. बसूनच ऐकतेय."

"पुन्हा उंच करा," ती म्हणाली. "मी हलत नाही इथून."

ती खरंच हलली नाही. तो मागेल तो पाना ती देत होती, म्हणजे हातावर आपटत होती. लिंक बदलली, फोर्क जागेवर आले. मग राहिलं शेवटचं माप. चालवणारा बसल्यावर गाडीची मागची बाजू किती दबते, त्यावर स्प्रिंगचा ताण ठरतो.

"जॅकेट, बूट, सगळं घालून बसा. वजन किती?"

"का? तेही परस्पर कमी करणार?"

दोन्ही पाय वर घ्यायचे, म्हणजे समोरून कुणीतरी हँडल धरायला हवं. त्याने धरलं. ताई टेप घेऊन मागे वाकली. समोर बसलेल्या तिच्या हनुवटीवर ग्रीसची एक रेघ उमटली होती... तो दुसरीकडे बघू लागला.

"इकडे बघा. सरळ उत्तर द्या. तो सफरींचा फोटोवाला इथे येतो, माझ्याएवढाच बुटका. त्याची गाडी खाली केलीत?"

"नाही."

"का नाही?"

"तो पडला तरी मला झोप लागते."

मागे टेपची पट्टी खटकन आत गेली.

"आकडा सांगू," मागून ताईने विचारलं, "की जरा फिरून येऊ?"

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिचे कान लाल झाले होते, पण रागाने की कशाने, ते सांगणं कठीण होतं.

"हे तोंडाने सांगायचं असतं. त्यासाठी गाडीला पाना लावायचा नसतो!"

"सांगितलं असतं तर?"

"तर उत्तर दिलं असतं. आता नाही देणार. रविवारी चढावर यायचं नाही. मी पडले तरी नाही. उतरले की मीच येईन इथे, तेव्हा बोलू."

"आणि निवड झाली तर? सबंध हंगाम तुम्ही डोंगरात—"

"तेही माझ्यासाठी तुम्हीच ठरवणार का?"

त्याने मान हलवली. नाही.

रविवारी साडेअकराला चढावरून फोटोवाल्याचा फोन आला. ती अर्ध्या चढावर पडली होती. दोघं मदतीला धावले, त्यांना तिने ओरडून मागे पाठवलं, गाडी स्वतः उचलली आणि पुढे गेली. क्लच टिकला होता. लागलं होतं का, ते फोटोवाल्याला लांबून दिसलं नव्हतं.

मेकॅनिकने स्वतःच्या गाडीची किल्ली उचलली. त्या दगडांचा, तिचा, स्वतःचा, सगळ्यांचाच त्याला संताप आला होता. ताई नुसती बघत राहिली. दारापर्यंत जाऊन तो परतला, किल्ली काउंटरवर आदळली आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा फोर्क खोलायला बसला.

दुपारी दोनपर्यंत निकाल कळलेला नव्हता. ती पलीकडच्या उतारावर होती, तिथे रेंज नसते. गॅरेज उघडं होतं, आणि तो आतच होता.