चार मीटरची फळी

"खाली वाक गा, दिसशील," म्हणत गोपिकाने रोशनची कॉलर ओढली.

वाडीच्या गोदामात जेवणाची सुटी होती. मे महिन्याचं ऊन, हमाल कूलरसमोर आडवे झालेले. शेजारचा रोशन आणि त्याची धाकटी बहीण गुंजन गोपिकामागून ट्रकखालून सरकले.

नऊ दिवसांपूर्वी इथेच ट्रकमधून तेलाचा ड्रम उतरवला जात होता. फळीवरून घरंगळणारा ड्रम दोघांनी खालून पेलायचा आणि उलटं चालत यायचं, अशी इथली रीत. ते दोघे म्हणजे गोपिकाचे बाबा शालिकराम आणि त्यांचे जोडीदार गणपतराव. ड्रम सुटला. बाबा बाजूला फेकले गेले. गणपतरावांचं पाऊल कापावं लागलं. सुपरवायझर आनंदराव म्हणाले, "शालिकरामचा हात सुटला." बाबांनी ते कबूल केलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. गणपतरावांना भेटायला दवाखान्यातही गेले नव्हते.

"अठरा वर्षं नाही सुटला, मग त्याच दिवशी काहून सुटला?" गोपिकाने विचारलं.

"आधी फळी पाहू," रोशन म्हणाला.

भिंतीला दोन फळ्या टेकवल्या होत्या. त्याने टेप लावला. "दोन मीटर. दुसरीपण दोन."

"बाबांची तर चार मीटरची होती."

गुंजनने टोकांवरून बोट फिरवलं. करवतीचा भुसा अजून चिकटलेला होता आणि लाकडाच्या रेषा एकमेकींना जुळत होत्या. "एकच फळी आहे ही. कापलेली."

"मीच कापली," मागून आनंदराव म्हणाले. "आता एकाच वेळी दोन ट्रक खाली होतात. त्याले डोकं लागते."

"कधी कापली, काका?"

"त्याच दिवशी सकाळी. ड्रम तेवढाच, ट्रक तेवढाच उंच. काय फरक पडला? निघा आता."

गोपिका निघाली नाही. तिने खडूने जमिनीवर आकडे मांडले. ड्रम एकशेऐंशी किलो. ट्रकची उंची एक पूर्णांक दोन मीटर. गुणाकार दोनशे सोळा.

"ऊर्जा तेवढीच, काका. पण चार मीटरवर वाटली तर चोपन्न किलोचा जोर लागतो, माणशी सत्तावीस. दोन मीटरवर एकशेआठ. माणशी चोपन्न."

"पुस्तकातलं आहे ते."

"मग काट्यावर पाहा ना."

आवाज ऐकून गोदामाच्या मालकीण कुसुमताई बाहेर आल्या. रोशनने धावत जाऊन आपली बेअरिंगच्या चाकांची खेळायची गाडी आणि रद्दीवाल्याचा लटकता काटा आणला. विटा ठेवून गाडी दहा किलोची केली. चार मीटरची फळी शेजारच्या गोदामातून आणून ट्रकला लावली. त्या फळीवर गाडी धरून ठेवायला काटा तीनच्या जवळ गेला, आनंदरावांच्या फळीवर सहाच्या. 

कुसुमताई काट्याकडे बघत राहिल्या. "लांब फळी आजच आणा. आनंदराव, तुम्ही माझ्यासोबत दवाखान्यात चला." मग गोपिकाकडे वळल्या. "हुशार आहेस. वर्गात पहिली येतेस का?"

"नाही. विज्ञानात शंभरपैकी बेचाळीस आहेत."

गुंजन हसली, पण गोपिकाला हसू आलं नाही. गणपतराव या फळीवर आता कधीच चढणार नव्हते.

घरी तिने वहीत आकडे मांडून सगळं सांगितलं. बाबा भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते.

"कोणाचाही हात सुटला असता, बाबा. तुमची चूक नव्हती."



"गणपत म्हणला होता," बाबा म्हणाले. "शाल्या, फळी लय उभी दिसून राहिली, नको. मीच म्हटलं, चल गा, होते."

गोपिकाने वही मिटली. 

बाबा हाताचा आधार घेत उठून बसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा तिला नीट दिसला. तो म्हाताऱ्याचा होता.

"चप्पल दे माझी," ते म्हणाले. "त्याचं खरं होतं, हे त्याले मीच सांगतो."