आधी आलेला आवाज

नव्या नाट्यगृहाचं काम संपत आलं होतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, भिंतींना रंगाचा वास येत होता. चिमी सकाळपासून तिथं एकटीच फुगे फोडत होती. तिचं कामच ते. फुगा फोडायचा, मायक्रोफोनवर आवाज टिपायचा आणि तो सभागृहात किती वेळ घुमतो ते बघायचं.

दुपारी लॅपटॉपवरचा आलेख पाहताना ती थबकली. फुगा फुटल्याची उंच रेघ होती, तिच्यानंतर घुमणाऱ्या आवाजाचा उतारही होता. पण रेघेच्या आधी एक लहानसा उंचवटा दिसत होता.

तिनं मायक्रोफोन बदलला, वायर बदलली. उंचवटा जाईना. उलट प्रत्येक फुग्यागणिक तो मोठा होत गेला, आणखी आधी येऊ लागला, आणि मूळची रेघ मात्र खुजी होत चालली. मग तो नुसत्या कानांनाही ऐकू आला. टाचणी अजून हातातच होती, आणि वरच्या बाल्कनीतून स्वच्छ आवाज आला. फट्.

तिनं दादाला फोन लावला. दादा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. कालप्रवासावर बोलायला लागला की त्याला जेवणाचं भान राहत नसे. वहिनी मुकाट्यानं त्याच्यासमोरचं ताट उचलून आत न्यायची. तास संपताच तो धापा टाकत आला, बोटांना खडू तसाच.

“पुढच्या काळात जाता येतं, ते मोजूनसुद्धा झालंय,” तो म्हणाला. “वेगानं जाणारं घड्याळ मागं पडतं. घोडं अडतं ते मागं यायला. गणित ते दार पुरतं लावून घेत नाही, पण तिथून आजवर कुणी आलेलं नाही.”

“मग हे ऐक.”

चिमीनं फुगा धरला. वरून आवाज आला. दादाचा चेहरा उजळला.

“आता फोडू नकोस. टाचणी ठेव खाली. बघू काय होतं.”

तिनं टाचणी ठेवली. दोघं फुग्याकडे बघत राहिले.

फुगा आपोआप फुटला. रबराच्या चिंध्या तिच्या बोटांत लोंबत राहिल्या. आवाज मात्र अजिबात झाला नाही.

“आधीच खर्च झाला,” दादा पुटपुटला. “चिमे, आवाज आधीच खर्च झाला.” रंगमंचाच्या कडेला तो येरझाऱ्या घालू लागला. तिलाही हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात बाल्कनीतून हाक आली. जिवाच्या आकांतानं मारलेली.

“दादा, मागे हो!”

आवाज चिमीचा होता.

दादानं मागे उडी मारली. वर टांगलेले दिवे जागच्या जागी होते. काहीच पडलं नाही.

“मी नाही बोलले,” ती म्हणाली.

“अजून नाही,” दादा म्हणाला, आणि खुशीत हसला. “चल, माझा रेकॉर्डर गाडीत आहे. हे दुसऱ्या यंत्रावरही टिपायला हवं.”

बाहेर लख्ख ऊन होतं. दादा पुढे, मान मागे वळवून बोलत चाललेला. फुटपाथ संपला हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कोपऱ्यावरून विजेवरची बस वळली.

चिमी ओरडली. घसा सोलून निघाला.

एका दुकानाचं शटर खडखडलं. कुठंतरी कुत्रं भुंकलं. तिची हाक तेवढी नव्हती.

बसनं त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून नेली. तो गरगरत फुटपाथवर येऊन बसला. कोपर खरचटलं होतं, बाकी धडधाकट.

“अगं, हाक तरी मारायचीस.”

“मारली,” ती म्हणाली. तो शब्द स्पष्ट उमटला. मग ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याचा हात धरून तिनं त्याला पुन्हा ‘दादा’ अशी हाक मारली.

दादा तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला.

“काय म्हणतेस?” त्यानं विचारलं.