पाचवं पान

कोपरे संपले म्हणून मी भर दुपारी स्टेशनरीच्या दुकानात गेले. कोपरे म्हणजे फोटोचे. काळ्या कागदाचे, मागे डिंक लावलेले, जिभेवर ओले करून चिकटवायचे. दुकानदाराने वरच्या फळीवरचा डबा खाली काढला, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, "हे आता कोण नेतं? हल्ली सगळ्यांचे फोटो फोनमध्येच मरतात."

मी हसले. विनोद आवडला असं त्याला वाटलं.

"किती देऊ?"

"एकाच फोटोचे हवेत."

"मग चार." त्याने चार मोजले आणि एक वर घातला. "पाचवा असू द्या. एखादा हमखास बिघडतो."

तुम्ही ही चिकटवही हातात घेतलीच आहे, म्हणून सांगते. शेवटचं पान एवढ्यात उलटू नका. आधी ऐका.

आमच्याकडे अशा सत्तावीस वह्या आहेत. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत हे कुटुंब डोंगरात चालायला जातं, आणि परत आल्यावर सासूबाई त्या वर्षाची वही करतात. करायच्या. फोटो, वाटेचा हाताने काढलेला नकाशा, कोण कुठे घसरून पडलं त्याची नोंद. शेवटी घरातल्या प्रत्येकाचं एक पान, आणि त्या पानावर त्या माणसासाठी डोंगरातून वेचून आणलेलं झाडाचं पान. "ज्याचं त्याचं पान," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच्याच कोटीवर दर वर्षी नव्याने खूश व्हायच्या.

सासरे शाळेत कवायत शिकवायचे. त्यामुळे रानात आम्ही चालायचो नाही, आमची रांग चालायची. वळण आलं की सासरे पुढून ओरडणार, "एक!" मग माझा नवरा, "दोन." नणंद, "तीन." सासूबाई, "चार." आकडे पुरे झाले की रांग पुढे. मागे वळून बघायचं नाही. आकडा आला म्हणजे माणूस आहे, हा नियम. सव्वीस वर्षं सासूबाई सगळ्यांच्या मागे चालल्या, कारण कुणी मागे राहिलं तर त्यांना दिसावं. सत्ताविसाव्या वर्षी मी आले आणि पाच झाले; आकडा माझा शेवटचा, पण चालायला त्या माझ्याही मागेच राहिल्या.

"वहिनी, तू आमची शेपूट," नणंद म्हणाली. "शेपटीने गप्प बसायचं आणि हलत राहायचं."

गप्प बसणं मला जमतं. 'सून अगदी शांत मिळाली' हे लग्नात इतक्यांनी म्हटलं, की मी एखाद्या दुकानातून निवडून आणलेली वस्तू असावी असं मला वाटायला लागलं होतं. पण मला एक गोष्ट येते, ती फक्त सासूबाईंना माहीत होती. मला आवाज काढता येतात. एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी सासऱ्यांचा आवाज काढून बशांना "सा-व-धान!" म्हटलं, आणि दारात सासूबाई उभ्या. त्या हसून हसून खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं लबाडे! आणि सगळे म्हणतात, सून मुकी आहे."

त्या दिवशी आम्ही वर जाऊन परतीला लागलो तेव्हा ऊन होतं. अर्ध्या तासात धुकं उतरलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं, मग पुढे चालणाऱ्या नणंदेची पाठ. राहिला तो फक्त ओल्या पानांचा वास, आणि पायाखाली पानं दबल्याचा आवाज. पहिल्या वळणावर लाकडी बाक होता. आकडे म्हणून झाले आणि सासूबाईंनी मागून माझी बाही धरली.

"ऐक ना. माझा आवाज येतो का गं तुला काढता?"

मी जरा लाजले. मग काढला. आधी बारीकसा खोकला, मग लांबवलेलं "चाऽर". त्या आकडा तसाच म्हणायच्या.

"अय्या! अगदी मीच!" त्यांनी टाळीसुद्धा दिली. "मग आता दोन-तीन वळणं माझा आकडा तू म्हण. माझं एक काम राहिलंय, पाच मिनिटांचं. ह्यांना सांगितलं तर अख्खी रांग थांबवतील आणि वर भाषण देतील."

"पण आई, धुकं…"

"सव्वीस वर्षांची वाट आहे माझी. जा तू. माझा आकडा तू म्हण, तुझा कधीतरी मी म्हणेन. फिट्टंफाट."

थोडं पुढे जाऊन मी मागे वळले आणि फोनवर त्यांचा एक फोटो काढला. धुक्यात वाकलेली पाठ, लाल स्वेटर, जमिनीकडे गेलेला हात. का काढला, सांगता येत नाही. बहुधा सगळे फोटो त्याच काढायच्या आणि स्वतः कशातच नसायच्या, म्हणून.

दुसऱ्या वळणावर मी चार म्हटलं, आणि पाच म्हटलं. मजा वाटली. आडव्या पडलेल्या झाडापाशी पुन्हा दोन्ही म्हटलं. तोवर मजा संपली होती, पण त्या पाठोपाठ येतच असतील असं मी धरून चालले होते. ओढ्यावरचा लाकडी पूल आला. "एक," "दोन," "तीन". मी खोकले, "चाऽर" म्हटलं, आणि ओल्या फळीवरून पाय सटकला. जीभ दाताखाली आली, तोंड रक्ताच्या चवीने भरलं. तेवढ्यात पाच म्हटलं गेलं, आणि रांग पुढे निघाली.

गाडीपाशी पोचल्यावर सगळे वळले.

"आई कुठाय?" नवरा म्हणाला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पुढचं सगळं त्या एका क्षणावर टांगलेलं आहे. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सासरे आधी बोलले, आणि त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती, "पुलापर्यंत होती. मी स्वतः तिचा आकडा ऐकला."

वनरक्षक आले, दोर आले, बत्त्या आल्या. सगळे पुलाखाली ओढ्यात शोधत राहिले. मी नवऱ्याला म्हणाले, "वरही बघायला हवं ना…"

"बाबांनी ऐकलंय म्हणतायत ना!"

 दर तासाला खरं सांगणं आधीच्या तासापेक्षा जड होत गेलं. आता सांगितलं तर विचारतील, मघाशी का नाही सांगितलंस?  

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई वरच्या बाकाच्या मागे, झाडाला टेकून बसलेल्या सापडल्या. पाय मुरगळला होता, थंडीने गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पहाटेपर्यंत होत्या." त्यांना वाटलं, हे ऐकून आम्हाला बरं वाटेल.

त्यांच्या वस्तू आम्हाला एका पिशवीत मिळाल्या. चष्मा, पेन, वहीत जपून ठेवलेली चार पानं. पाचवं पान त्यांच्या मुठीत होतं. लालभडक, तळहाताएवढं, आणि मागे पेनाने लिहिलेलं, 'पाच'. राहिलेलं काम ते होतं. माझं पान.

दोन महिन्यांनी नणंद फोटोंचं पाकीट घेऊन आली. "वहिनी, तुझा हात चांगला आहे. आईच्या हातासारखी वही कर. आणि शेवटी तिचा एक तरी फोटो हवा गं. सव्वीस वह्यांत ती नाहीच. नुसती आमची डोकी!"

माझ्याकडे आहे, असं मी म्हणाले नाही.

जेवणाच्या टेबलावर मी रोज दुपारी वही करायला बसायचे. चार पानं टीपकागदात दोन जाड पुस्तकांखाली ठेवली, ती आठवड्यात वाळून कुरकुरीत झाली. पाचवं वाळेना. टीपकागद बदलला की दुसऱ्या दिवशी तो ओला. वजन वाढवलं, तरी ओला. पंधरा दिवसांनीही ते पान आत्ताच खुडल्यासारखं लवचीक होतं. त्याला धुक्याचा वास यायचा. हळूहळू तो वास खोलीला लागला, मग पडद्यांना, मग माझ्या केसांना. नवरा एकदा म्हणाला, "तू बाहेर जाऊन आलीस का?" मी दिवसभर घरात होते.

मग एका दुपारी, घरात मी एकटी असताना, पाठीमागे कुणीतरी बारीकसं खोकलं. पुढे काहीच नाही. आकडा माझ्यासाठी सोडल्यासारखा.

या सगळ्यापेक्षा वाईट होते ते सासरे. दर रविवारी सकाळी ते गाडी काढून त्या पुलावर जायचे आणि ओढ्याकडे बघत उभे राहायचे. परत आले की जेवताना मध्येच थांबायचे. "पुलावर होती. मी ऐकलं. नुसती मान वळवली असती तर… मीच नियम केला ना, मागे बघायचं नाही म्हणून." दर वेळी तेच. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या त्या ओढ्यात ते रोज बुडत होते, आणि दोर माझ्या फोनमध्ये होता.

शेवटी दोन गल्ल्या सोडून, ओळखीच्या नसलेल्या स्टुडिओतून मी तो फोटो छापून आणला. स्टुडिओवाल्याने खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत वेळही छापली होती: तीन वीस. पुलावर आम्ही साडेचारला होतो. आणखी काही बोलायची गरज नव्हती. फोटोच बोलणार होता. मला तेच हवं होतं, हेही कबूल करते. मग कोपरे आणायला गेले.

त्या रविवारी दुपारी चारला सगळे टेबलाभोवती बसले. वही उघडण्याआधी आकडे म्हणायची पद्धत सासूबाईंनीच पाडलेली. कुणी गैरहजर नको म्हणून. यंदा ती पाळायची की नाही, कुणाला कळेना. सासरे वहीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "एक."

"दोन."

"ती… तीन," नणंदेचा आवाज फुटला.

मी ओठ घट्ट मिटले. चौथी जागा रिकामी जाऊ द्यायची, मग शेवटचं पान उघडायचं, असं मी ठरवून बसले होते.

खोकला आला. बारीक.

"चाऽर."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नणंद उभीच राहिली. "वहिनी! लाज नाही वाटत? आईची नक्कल?"

"मी नाही…"

"मग कोण? तुझ्या बाजूनेच आला आवाज!"

 सासरे माझ्याकडे कवायतीत चुकलेला पाय शोधावा तसे बघत होते. "हाच," ते म्हणाले. "पुलावर हाच आवाज होता. शेवट जरा जास्तच लांबवलेला… ती एवढा लांबवत नसे."

"बाबा, आत्ता मी नाही म्हटलं," मी म्हणाले. "पण त्या दिवशी मी म्हटलं होतं. तीन वेळा."

आणि शेवटचं पान उघडलं.

सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून एका दमात मी इतकं कधीच बोलले नव्हते. नणंद तोंडावर हात दाबून रडत होती. नवरा म्हणाला, "आणि तू माझ्या शेजारी झोपत होतीस, इतके दिवस…" आणि उठून खिडकीपाशी गेला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, फोटोखालची वेळ वाचली. पुन्हा वाचली.

"म्हणजे ती पुलापर्यंत आलीच नाही," ते म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे की मोडल्यासारखे, मला कळलं नाही. मग त्यांनी वर बघितलं. "मग पाच?"

"पाच मीच, बाबा."

"नाही. चार माझ्या कानापाशी आलं. पाच लांबून आलं. खूप वरून. आवाज तुझाच. मला वाटलं, पोरगी मागे रेंगाळली. आणि गाडीपाशी बघतो, तर तू माझ्या पाठोपाठ."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तोंडात ती रक्ताची चव आली. फळी. दाताखालची जीभ. मला पाच म्हणताच आलं नव्हतं.

तुझा कधीतरी मी म्हणेन. फिट्टंफाट.

त्या हाक मारत होत्या. माझ्या आवाजात, माझ्या आकड्याने. रांगेने ती हाक मोजली आणि रांग पुढे गेली.

त्यानंतर सासरे पुलावर गेले नाहीत. आता ते बाकापाशी जातात. नणंद माझ्याशी कामापुरतं बोलते, नवरा त्याहून थोडं जास्त. मला तक्रार नाही. आता उलटा ते शेवटचं पान. लाल स्वेटर दिसतो ना? समोरच्या बाजूला माझं पान आहे. हात लावून बघा… ओलं आहे ना अजून?

आमच्याकडे हल्ली पुन्हा आकडे म्हणतात, गाडीत बसताना, बाहेर पडताना. सासऱ्यांनीच सुरू केलं. चारच्या जागी सगळे क्षणभर थांबतात. मग पाच येतं, माझ्याच आवाजात. मी तोंड उघडत नाही. गरजच पडत नाही. पहिल्यांदा आवाज रस्त्याच्या टोकावरून आल्यासारखा वाटला होता. मग जिन्यावरून यायला लागला.

परवा मागून माझ्या बाहीला हिसका बसला, आणि मग पाच आलं.